बन-मस्क्याचा हिशेब कशाला मांडता?

*सप्रेम नमस्कार. मी ४९ वर्षांची. पुण्यात कॅम्पातल्या एका सरकारी कार्यालयात लेखा शाखेत आहे, दिवसभर दुसऱ्यांची बिलं तपासते. दर शुक्रवारी ऑफिस सुटलं की जवळच्या इराण्याकडे एकटी जाऊन बसते. एक बन-मस्का, एक चहा, कधी दुसरा चहा. पाऊण तास. घरी सांगते, ट्रॅफिक होतं. गेल्या महिन्यात नणंदेनं पाहिलं आणि तेव्हापासून टोमणे सुरू आहेत. सासूबाई म्हणाल्या, "घरची तूप-पोळी गोड लागत नाही वाटतं." नवरा हसण्यावारी नेतो, पण तोही एकदा म्हणालाच, "आम्हाला कधी न्यावंसं नाही वाटलं?"*

*दुसरी गोष्ट माहेरची. वडील जाऊन वर्ष होत आलं. वाईजवळ गावात घर आणि चार एकर बागायत आहे. मृत्युपत्र नाही. धाकटा भाऊ शेती करतो, आई त्याच्याकडे असते. थोरला ठाण्याला. थोरल्याचा फोन आला की वर्षश्राद्धाला आलीस की दुसऱ्या दिवशी हक्कसोड करून टाकू, कागद तयार आहेत. मी एवढंच विचारलं की सातबाऱ्यावर नक्की काय काय आहे. तर मागून वहिनीचा आवाज आला, "ताई आता आपल्या पोळीवर तूप ओढणार." रात्रभर झोप लागली नाही. मला पैशाची गरज नाही, आमच्या दोघांच्याही नोकऱ्या आहेत. सही करून मोकळं व्हावं असं वाटतं. माहेर तुटायला नको. शुक्रवारचंही बंद करून टाकू का? मी खरंच स्वार्थी होत चालले आहे का?*

*— एक वाचक, पुणे*

ताई,

तुमच्या पत्रात दोन हिशेब आहेत आणि दोन्ही उलटे मांडलेले आहेत. बन-मस्क्याचा हिशेब पैशापैशाचा आहे: किती चहा, किती मिनिटं, कुणी पाहिलं, कोण काय म्हणालं. आणि चार एकर बागायतीचा हिशेब? ‘सही करून मोकळं व्हावं.’ जन्मभर दुसऱ्यांची बिलं तपासणारी बाई स्वतःच्या नावचा कागद न वाचताच पास करायला निघाली आहे. मला याचं नवल वाटलं आणि, खोटं कशाला बोलू, थोडा रागही आला.

आधी शुक्रवारचं बघू, ते सोपं आहे.

बंद करू नका. कारण विचाराल तर कारण काहीच नाही. तुम्हाला बन-मस्का आवडतो, पाऊण तास कुणी हाक मारत नाही ते आवडतं, झालं. हल्ली अशा प्रश्नाला एक ठरलेलं उत्तर मिळतं. म्हणे बाईनं स्वतःसाठी वेळ काढावा, त्यानं मन ताजं राहतं आणि मग घरच्यांचं आणखी चांगलं करता येतं. मला या उत्तराची चीड आहे. म्हणजे बाईनं मस्का खायचा तोही घरच्यांच्या भल्यासाठी! उद्या इराण्याकडून परतल्यावर तुम्ही पुरेशा हसतमुख दिसला नाहीत, तर पाऊण तासाचं बिल नामंजूर. बिलाला प्रयोजन लागतं, मंजुरी लागते, हे तुमच्या ऑफिसच्या टेबलावर ठीक आहे. बन चहात बुडवल्यावर कपात लोण्याचा जो पिवळा तवंग उमटतो, त्याला प्रयोजन नसतं. (मी स्वतः ब्रूनवाली, म्हणजे कडक पाववाली. बनवाल्यांच्या दातांना काही कामच नसतं असं माझं मत आहे, पण तो मतभेद आपल्यात राहू दे.)

खटकलं ते ‘ट्रॅफिक’. नणंदेनं तुम्हाला चहा पिताना पाहिलं याचा एवढा गाजावाजा व्हायचं कारण तुम्ही ते इतके दिवस लपवलं, हे आहे. येत्या शुक्रवारी सकाळी डबा भरता भरता सांगून टाका, "आज ऑफिसनंतर इराण्याकडे जाणार आहे, साडेसातपर्यंत येईन." परवानगीचा सूर नको, भाषणही नको. चार शुक्रवार टोमणे येतील, मग लोकांना दुसरं काहीतरी सापडेल.

नवऱ्याचं वाक्य मात्र टोमण्यांच्या टोपलीत टाकू नका. त्यात थोडं लागलेलं असू शकतं. त्यांना रविवारी न्या ना. डेक्कनला गुडलक १९३५ पासून उघडं आहे, ऑम्लेट-पाव मागवा, भरपूर गप्पा मारा. शुक्रवार वाटून घेऊ नका.

आणि सासूबाईंचा टोमणा? चहाबरोबर काय खाल्लं, कुणाकडे खाल्लं, यावरून माणसाची झडती घ्यायची पुण्याची सवय जुनी आहे. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्यातल्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये एका सभेनंतर चहा-बिस्किटं आली. टिळक होते, रानडे होते, आणखी बरीच मंडळी होती. कुणी चहा घेतला, कुणी नुसता कप हातात धरला. गोपाळराव जोशांनी (डॉ. आनंदीबाईंचे पती) हजर असलेल्यांची नावं छापून आणली आणि गावात ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचा तंटा, माजलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी झाली. पुढे रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. आपण पाप केलं असं त्यांना वाटत होतं म्हणून घेतलं नाही. आपल्या हट्टापायी मित्रांची त्यांच्या घरांत कोंडी होते आहे, ती सुटावी म्हणून घेतलं. त्यांच्या बाजूनं लढणारे सुधारक मात्र हिरमुसले.

ही गोष्ट मी तुमच्या सासूबाईंना खिजवायला सांगत नाही. न केलेल्या पापाचं प्रायश्चित्त घरात शांतता नांदावी म्हणून घ्यायचं, ही आपल्याकडची फार प्रतिष्ठित सवय आहे, आणि ‘सही करून मोकळं व्हावं’ या तुमच्या वाक्यात मला तीच ऐकू आली.

वाईकडे वळण्याआधी त्या इराण्याबद्दल थोडं, कारण मला राहवत नाही. इराणातल्या यझ्द आणि केरमानकडून आलेल्या माणसांनी मुंबई-पुण्यात ही हॉटेलं थाटली. कोपऱ्यावरची जागा इतर दुकानदार अशुभ म्हणून घेत नसत, ती इराण्यांनी घेतली, असं सांगतात. संगमरवरी टेबलं, लाकडी वाकवलेल्या खुर्च्या, भिंतीला आरसे. गिरणीतला, कचेरीतला, कॉलेजातला, कुणीही येऊन बसायचा. बाईमाणूस आलं तर त्याच्यासाठी आत ‘फॅमिली रूम’. बाहेरच्या टेबलांवर पिढ्यान् पिढ्या पुरुष एका चहावर पेपर संपवत बसले. त्यांतल्या एकानंही कधी कुठल्या सदराला पत्र लिहून विचारलं असेल का, की मी स्वार्थी होत चाललो आहे का म्हणून?

आता वाई.

पोळीवर तूप ओढण्याचा आरोप बहुतेक वेळा तुपाचं भांडं ज्याच्या हाताशी असतं, तोच करतो. तुम्ही तूप मागितलंही नव्हतं. भांड्यात किती आहे, एवढंच विचारलं होतं. तेवढ्यानं वहिनी का बिथरल्या, हा प्रश्न मनात राहू दे. लगेच वाईट अर्थ काढू नका, पण विसरूही नका.

कायद्याचं थोडक्यात सांगते, बाकीचं वकील सांगतील. वडिलांची स्वकष्टार्जित मालमत्ता असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानं पत्नी, मुलगे आणि मुली सारख्या वाट्याच्या वारस होतात. तुमच्या घरात म्हणजे चौघं: आई, दोन भाऊ, तुम्ही. वडिलोपार्जित असेल तर मांडणी वेगळी होते, पण तिथेही मुलीचा हक्क आहे. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये अविवाहित मुलींपुरता तो मान्य केला होता. केंद्राच्या २००५ च्या दुरुस्तीनं लग्न झालेली आणि न झालेली हा भेद गेला, आणि मुलगी जन्मानंच मुलासारखी हिस्सेदार असते हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये पक्कं केलं. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर नोंदणी करून वाटणी झाली असेल तर गोष्ट निराळी, तेवढं विचारून घ्या. ‘आम्ही तुझी चोळी-बांगडी करतोच की’ हे वाक्य लवकरच कानावर येईल. चोळी-बांगडी प्रेमानं घ्या. ती वाटणीच्या खात्यात जमा होत नाही.

हक्कसोडपत्र म्हणजे घरगुती चिठ्ठी नव्हे. ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं आणि एकदा नोंदवलं की परत फिरणं महाकठीण. फसवणूक झाली, दबाव आणला, हे तुम्हाला कोर्टात सिद्ध करावं लागतं, तेही सख्ख्या भावांविरुद्ध. म्हणून वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी, डोळे सुजलेले, घरात पाहुणे, बाहेर गाडी उभी, अशा वेळी हा कागद करायचा नसतो. थोरल्या भावाच्या मनात काही काळंबेरं नसेलही. सगळे एकत्र सापडतात तो दिवस त्यानं धरला असेल. पण सोय त्याची आहे, तुमची नाही.

‘मला पैशाची गरज नाही’ असं तुम्ही लिहिता. ठाण्याच्या भावाला आहे का, हे कुणी विचारलं? वारसा गरज बघून मिळत नाही. मुलग्यांना ही परीक्षा कधी द्यावी लागत नाही. शिवाय तुमच्या नावे दुसरीकडे कुठे शेतजमीन नसेल, तर सातबाऱ्यावरचं नाव हा तुम्ही शेतकरी असल्याचा पुरावा असतो. महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायची तर तो लागतो. हे सही करताना कुणी सांगत नाही.

आणि स्वार्थी? ज्या लोण्यावरून तुमच्या घरात एवढं रामायण झालं, त्याचीच गोष्ट घ्या. १९४५ मध्ये मुंबईला दूध पुरवायची सरकारी योजना सुरू झाली. खेडा जिल्ह्यातलं दूध गोळा करायचा मक्ता आणंदच्या पोल्सन डेअरीकडे होता. मुंबईच्या पावावर तेव्हा लोणीही पोल्सनचंच. मुंबईत दुधाला चांगला पैसा येत होता, म्हैस राखणाऱ्याच्या हातात त्यातलं फारसं पडत नव्हतं. वल्लभभाईंचा सल्ला आणि त्रिभुवनदास पटेलांचा पुढाकार, यांच्या बळावर १९४६ मध्ये शेतकऱ्यांनी पंधरा दिवस दूध घालणं बंद केलं. त्याच वर्षी डिसेंबरात त्यांचा संघ नोंदवला गेला. पुढे त्यातून अमूल आलं, आणि शुक्रवारी तुमच्या बनमध्ये जो मस्का असतो तो बहुधा तोच. त्या शेतकऱ्यांना आज कुणी स्वार्थी म्हणत नाही, कारण ते जिंकले. हरले असते तर ‘माजलेत लेकाचे’ एवढंच म्हटलं गेलं असतं. त्यांनी काय केलं होतं? हिशेब पटेपर्यंत दूध दिलं नाही. तुम्हीही हिशेब कळेपर्यंत सही देऊ नका, एवढंच माझं म्हणणं.

इथवर वाचून तुम्हाला जरा बळ आलं असेल, म्हणून आता तुमच्या विरुद्ध थोडं बोलते.

धाकटा भाऊ तुमच्या पत्रात एका ओळीत येतो आणि जातो. चार एकर ऊस-हळद आपोआप उभी राहत नाही. रात्री दोनला लाईट आली की मोटर चालू करायला तोच उठला असणार. वडिलांच्या शेवटच्या दुखण्यात दवाखान्याच्या खेपा कुणी घातल्या? आई कुणाकडे आहे? कायदा चौघांना सारखं धरतो, कारण कायद्याला घर दिसत नाही. तुम्हाला दिसतं. सगळं समजून-उमजून, माझा हिस्सा धाकट्याला राहू दे, असं तुमचं मन म्हणालं तर मी तुम्हाला भोळी म्हणणार नाही. पण मग तो धाकट्यालाच मिळतो आहे ना, हे बघा. हक्क कुणाच्या लाभात सोडला हे कागदात लिहिलेलं असतं. दोघा भावांच्या नावे सोडलात, तर घामाचं बक्षीस म्हणून तुम्ही जे देताय त्यातला अर्धा वाटा ठाण्याला जाईल. एकट्या धाकट्याच्या नावे करायचं असेल तर कागदाचा प्रकार आणि मुद्रांक शुल्क बदलू शकतं, ते वकिलाला आधी विचारा.

सोडणं किंवा मागणं, एवढे दोनच रस्ते आहेत असंही नाही. नाव सातबाऱ्यावर लावून ठेवायचं आणि जमीन धाकट्यालाच कसू द्यायची, पीक त्याचं, हे अनेक घरांत चालतं आणि मला तुमच्या बाबतीत सध्या तरी हेच बरं दिसतं. पुढेमागे सगळ्यांच्या संमतीनं तहसीलदारांकडून वाटप करून घेता येतं, जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली. यातलं काहीही या महिन्यातच ठरवायची गरज नाही. वारस म्हणून नाव मात्र लागू द्या. बहिणीचं नाव आधी लावायचंच नाही, म्हणजे पुढे काढायची वेळ येत नाही, असाही उद्योग होतो.

सातबाऱ्यासाठी भावाच्या तोंडाकडे बघायची आता गरज उरलेली नाही. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर गट नंबरानं, नाहीतर नावानंही शोधता येतो. चार एकर हा आकडा तुम्हाला लहानपणापासून ऐकून माहीत आहे की कागदावर पाहून? आठ-अ (खात्यावरच्या सगळ्या जमिनीचा उतारा) बघा, फेरफार (नावं बदलल्याच्या नोंदी) बघा, घराचा ग्रामपंचायतीतला उतारा काढा. कुठे कर्जाचा बोजा चढला आहे का, एखादा तुकडा वडील असतानाच कुणाच्या नावे गेला आहे का, हे तुमच्यासारख्या बाईच्या नजरेतून सुटणार नाही. दुसऱ्याचं बिल समजून तपासा.

थोरल्याला फोन करू नका, फोनवर तुम्ही रडाल. लिहून पाठवा, दोन ओळी: "दादा, बाबांच्या वर्षश्राद्धाला मी येतेच आहे. सही मात्र त्या वेळी करणार नाही. तयार केलेल्या सगळ्या कागदांच्या प्रती पाठव, वाचून आणि वकिलांना दाखवून मग आपण तिघं आईसमोर बसू." वहिनीच्या बोलण्याचा उल्लेख नको. ‘माझा हक्क’ हे शब्दही नकोत, ते उगाच पेटतात. उत्तरात तो म्हणेल, "तुझा आमच्यावर विश्वास नाही का?" त्यावर "आहे, म्हणूनच प्रती मागितल्या" एवढं लिहा आणि थांबा. त्याच्या पुढच्या दहा मेसेजना उत्तर द्यायचा मोह होईल, देऊ नका.

माहेर तुटेल का? काही दिवस फोन येणार नाहीत, हे धरून चाला. भाऊबीजेला थंडपणा जाणवेल. याला माझ्याकडे औषध नाही. पण सही केली म्हणून माहेर राहिलं, अशी खात्रीही कुणी देऊ शकत नाही.

आता जे मला सगळ्यांत जास्त खटकलं ते. भावानं ‘कागद तयार आहेत’ म्हटलं. नुसती तुमचीच हक्कसोड असती तर एकच कागद पुरला असता. वर सांगितलंय, हिस्सा आईचाही आहे. तिच्याकडूनही सोडवून घेत असतील, तर नवरा गेल्यावर वर्षभरात ती बाई स्वतःच्या घरात मुलांच्या मर्जीवर राहायला लागेल, आणि धाकटा कितीही गुणी असला तरी ते मला मान्य नाही. वर्षश्राद्धाच्या दोन दिवस आधीच गावी जा. थोरला ठाण्याहून पोचायच्या आत आईला विचारा, तिला काय सांगितलंय आणि तिनं आधीच कुठे सही केली आहे का. केली असेल तर मला लगेच कळवा. मग वकिलाकडे जायची घाई तुमच्यासाठी नाही, तिच्यासाठी करावी लागेल.